मद्य आणि सारथ्य
(मंडळ्यांतील वर्गांकरिता धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग : नीतिसूत्रे २३:२९-३५, निर्गम २१:२८-३२, अनुवाद २२:८.

मद्यपानाविषयी आमच्या मंडळ्यांत उपदेश होत नाही असे नाही. तो पुष्कळ होतो, आणि श्रोत्यांस तो इतका पाठ झाला आहे की उपदेशकाने पहिले वाक्य उच्चारिले न उच्चारिले तोच मागील सतरंजीवर बसलेले लोक पुढची वाक्ये मनातल्या मनात म्हणून टाकितात. दारूने घर बुडते, शेत गहाण पडते, मुले उपाशी निजतात, हे सर्व खरेच आहे. परंतु ह्या धड्यात आम्ही त्या जुन्या वाटेने जाणार नाही. आमचा प्रश्न लहान व नेमका आहे. ज्याने मद्य घेतले आहे तो मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा जीप नीट का चालवू शकत नाही? त्याच्या देहात असे काय घडते की, ज्या रस्त्याने तो शेकडो वेळा गेला त्याच रस्त्यावर त्याचा किंवा दुसऱ्याचा प्राण जातो?

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जो मनुष्य पिऊन ओट्यावर पडला आहे त्याच्याविषयी हा धडा नाही. तो बिचारा वाहनावर बसूच शकत नाही. हा धडा त्याच्याविषयी आहे, जो नीट चालतो, नीट बोलतो, सर्वांस सलाम करितो आणि म्हणतो, "थोडीच घेतली आहे, मला काही होत नाही." रस्त्यावर भय आहे ते मुख्यत्वेकरून ह्याच मनुष्याचे.

आपल्या आजोबांच्या काळी बाजाराच्या दिवशी पिऊन परतणारा मनुष्य गाडीत आडवा होई आणि पहाटे स्वतःच्या अंगणात जागा होई. बैलांस वाट ठाऊक असे. ओढ्याच्या उतारावर ती जनावरे आपणहून थबकत, समोरून दुसरी गाडी आली तर बाजूस होत. पिणाऱ्याचे पाप ह्यामुळे पुण्य झाले नाही. तथापि गाडीवाल्याची शुद्ध गेली तरी बैलांची शाबूत असे आणि गाडी घरी येई. मोटारसायकलीस अशी शुद्ध नाही. जी काय बुद्धी तिला आहे ती चालविणाऱ्या एकट्याच्या मस्तकात आहे, आणि मद्य पहिला घाला घालते तो त्या मस्तकावरच.

हे कसे होते ते पाहू. अन्न पोटात गेले म्हणजे ते पचावे लागते. मद्यार्कास पचन लागत नाही. त्याचा काही अंश जठरातून व पुष्कळसा लहान आतड्यातून जसाच्या तसा रक्तात उतरतो, आणि रक्ताबरोबर काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. घेतल्यापासून अर्ध्या तासाने ते दीड तासाने रक्तातील प्रमाण सर्वांत अधिक होते. पोटात भाकरी असली तर हा चढ थोडा सावकाश होतो एवढेच. घेतलेले मद्य त्यामुळे नाहीसे होत नाही. आता गंमत अशी की, मनुष्य वाहनावर बसतो तेव्हा पुष्कळदा हा चढ पुरा झालेला नसतो. निघताना तो जितका सावध असतो तितका चार कोसांवर राहत नाही, आणि घाटाचे वळण तर चार कोसांवरच असते.

मेंदूत गेल्यावर मद्य तेथील पेशींचे एकमेकींशी चालणारे बोलणे मंद करिते. प्रथम विवेकाचा भाग ढिला पडतो. म्हणूनच पिणाऱ्यास आरंभी हुशारी व धैर्य आल्यासारखे वाटते. वस्तुतः काही आलेले नसते. आवरणारा लगाम तेवढा सैल झालेला असतो. मग मागील बाजूच्या लहान मेंदूवर परिणाम होतो, ज्याच्याकडे तोल सांभाळण्याचे व हातपाय एकमेकांच्या मेळाने हलविण्याचे काम आहे. चार चाकांवर बसलेल्यास हे उशिरा कळेल, पण दोन चाकांवर बसलेल्याचा सर्व आधार तोलच आहे. भारतात २०२२ साली रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली असे सरकारी अहवालात नमूद आहे, आणि त्यांपैकी शंभरांत सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवर बसलेली होती. ह्यांतील किती जणांनी मद्य घेतले होते हे पुरते कळणे कठीण, कारण खेड्यात अपघात झाला म्हणजे पंचनाम्यात बहुधा अतिवेग एवढेच लिहिले जाते.

उपदेशकांस वर्गात करून दाखविता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. शाळेतील एक फुटाची पट्टी घ्यावी. एका मुलाने ती वरच्या टोकास धरून उभी लोंबत ठेवावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी अंगठा व बोट उघडे ठेवून तयार राहावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी. चपळ मुलगा ती सहा ते आठ इंच घसरली असता पकडील. आठ इंच घसरण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, आणि पाव सेकंद गेला की सबंध पट्टी बोटांतून निघून जमिनीवर पडते. म्हणजे पकडणे व न पकडणे ह्यांमधील अंतर डोळ्यांचे पाते लवण्याइतकेही नाही. आणि येथे तर मुलास ठाऊक आहे की पट्टी पडणार आहे, कोठे पडणार आहे, आणि काय करावयाचे आहे. रस्त्यावर शेळी कोठून येईल हे कोणास ठाऊक नसते. तेथे डोळ्यांनी पाहावयाचे, मनाने ओळखावयाचे, ठरवावयाचे आणि मग हातपाय हलवावयाचे असतात. ह्या चारही पायऱ्यांवर मद्य थोडा थोडा उशीर करविते.

तो उशीर फुटांत मोजावा म्हणजे त्याचे स्वरूप कळेल. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे पंचावन्न फूट जाते. ब्रेक दाबण्यास नेहमीपेक्षा अर्धाच सेकंद उशीर झाला तर ब्रेक लागण्यापूर्वी ती सत्तावीस फूट पुढे गेलेली असते. जुंपलेल्या बैलगाडीची लांबी इतकी भरत नाही. ज्या मुलीपासून दहा फुटांवर वाहन थांबावयाचे, ते आता तिच्या अंगावरून जाते. चालविणारा पुढे शपथेवर सांगतो की, "मी ब्रेक दाबला होता." तो खोटे बोलत नसतो, त्याने दाबला होता, पण उशिरा.

डोळ्यांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण खेड्यातील बहुतेक प्रवास बाजार किंवा लग्न आटोपून, अंधार पडल्यावर होतो. मद्याने डोळे एका वस्तूवरून दुसरीवर चटकन वळत नाहीत. समोरचा मार्ग दिसतो, परंतु कडेचे लक्षात येत नाही; जणू काय बैलाच्या डोळ्यांस झापड बांधिली आहे. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यांवर पडून गेल्यावर दृष्टी पुन्हा स्थिर होण्यास अधिक वेळ लागतो. अंतराचा व वेगाचा अंदाजही चुकतो. आता ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर काय असते ते आठवा. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंस बाहेर आलेले, आणि कित्येकदा टायर फुटल्यामुळे सर्व ओझे रस्त्यावरच उभे, मागे खूण म्हणून चार दगड मांडलेले. निर्मळ डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही ते शेवटच्या क्षणी दिसते. दिवे न लावणारा ट्रॅक्टरवाला दोषी आहेच, आणि आमच्या मंडळ्यांत ट्रॅक्टरवालेही आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. पण पिऊन येणाऱ्यास ते दगड दिसतच नाहीत.

नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातील शेवटचा भाग ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. त्या ज्ञानी मनुष्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. त्याने पिणाऱ्याकडे नीट पाहिले होते. तो विनाकारण झालेल्या जखमांचे सांगतो, मग डोळ्यांच्या लालीचे, मग जे नाही ते डोळ्यांस दिसते त्याचे, मग मनातून वेडेवाकडे निघते त्याचे. नंतर तो एक विलक्षण चित्र उभे करितो : हा मनुष्य भर समुद्रात किंवा गलबताच्या डोलकाठीच्या शेंड्यावर निजलेल्यासारखा आहे. खाली सर्व जग हलते आहे आणि हा निश्चिंत आहे. आणि शेवटी तोच बोलतो की, मला मारिले पण लागले नाही. डोळे, विचार, तोल आणि वेदना ही त्या अध्यायातील चारही अंगे वैद्य आज मद्याच्या परिणामांत मोजितात. शास्त्रभागातील सर्वांत भयंकर गोष्ट आम्हांस ती डोलकाठी वाटत नाही. तो निश्चिंतपणा वाटतो. ज्या मेंदूने "तू आता चालवू नकोस" असे सांगावयाचे तोच मेंदू प्रथम बिघडला आहे; तेव्हा आपण ठीक आहो किंवा नाही ह्याचा निर्णय पिणाऱ्यावर सोपविणे म्हणजे तराजूची दांडी वाकल्यावर त्याच तराजूने ती वाकली किंवा नाही हे तोलण्यासारखे आहे.

"थोडीच घेतली" ह्याचा आता हिशेब करू. साठ किलो वजनाच्या पुरुषाने विलायती पद्धतीच्या तीव्र दारूचे साठ मिलीलिटर घेतले, तर त्यात सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि त्याच्या प्रत्येक शंभर मिलीलिटर रक्तात ढोबळ मानाने पन्नास मिलिग्रॅमपर्यंत मद्य येऊ शकते. कायद्याची मर्यादा, ती आम्ही पुढे सांगतो, तीस आहे. एकशे ऐंशी मिलीलिटरची बाटली, जिला लोक क्वार्टर म्हणतात, एकट्याने संपविली तर हाच आकडा दीडशेच्या आसपास जातो. स्त्रियांच्या देहात पाण्याचा अंश कमी असल्यामुळे तितक्याच मद्याने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक वाढते. हातभट्टीच्या दारूचा हिशेब आम्ही मांडीत नाही, कारण तिची तीव्रता तयार करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

चढते ते उतरते कसे? यकृत ते जाळते, आणि बहुतेक माणसांत तासाला सुमारे पंधरा मिलिग्रॅम इतक्याच गतीने जाळते. यकृतास घाई करविता येत नाही. लिंबू चोखल्याने, काळा चहा किंवा कॉफी प्याल्याने, डोक्यावर थंड पाणी ओतल्याने, ताक पिऊन ओकारी काढल्याने ही गती वाढत नाही. कॉफीने फार तर झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो. तर रात्री दहा वाजता दीडशेचा आकडा गाठलेल्या मनुष्याचे पहाटे सहा वाजता काय होईल? आठ तासांत एकशेवीस गेले, तीस उरले. तो झोपून उठला आहे, त्याने तोंड धुतले आहे, कदाचित् प्रार्थनाही केली आहे, आणि तरी तो कायद्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्यांनी व शाळेची जीप चालविणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या हाताने पाटीवर मांडून पाहावा.

मद्य व यंत्रवाहन ह्यांचे वैर नवे नाही. लंडन शहरात १८९७ साली विजेवर चालणाऱ्या टॅक्सीच्या एका चालकास पिऊन गाडी इमारतीवर घातल्याबद्दल दंड झाला होता. म्हणजे मोटार जन्मली न जन्मली तोच हा गुन्हा जन्मला. परंतु पिणे किती म्हणजे फार, हे ठरविण्यास पुष्कळ वर्षे गेली. पूर्वी पोलीस संशयितास खडूच्या रेघेवरून चालावयास लावीत. नॉर्वे देशाने १९३६ साली प्रथमच रक्तातील मद्याची आकड्यात मर्यादा घातली. श्वासावरून मद्य मोजणारे सुटसुटीत यंत्र अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन ह्यांनी १९५४ साली तयार केले. फुप्फुसांत रक्त व हवा जवळजवळ येतात, तेथे रक्तातील थोडे मद्य हवेत उतरते. एक मिलीलिटर रक्तात जितके मद्य, तितके सुमारे एकवीसशे मिलीलिटर श्वासात सापडते. वेलदोडा किंवा पान खाल्ल्याने तोंडाचा वास झाकतो, फुप्फुसांतील हवा झाकत नाही.

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य असता वाहन चालविणे हा अपराध आहे, आणि चालविण्याचा प्रयत्न करणे हाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढील अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मोटारसायकल व ट्रॅक्टर ह्यांस हे लागू नाही अशी काही गावांत समजूत आहे. ती खोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नसावीत असा आदेश दिला, आणि पुढील वर्षी लहान वस्तीच्या गावांपुरते हे अंतर दोनशेवीस मीटर केले. दुकान हलले; बाटली मात्र पिशवीतून रस्त्यावर येतेच.

त्याच कायद्यातील कलम १८८ फारसे कोणी वाचीत नाही, आणि आम्हांस ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. पिऊन वाहन चालविण्याच्या अपराधास जो साहाय्य किंवा चिथावणी देतो, त्यासही तीच शिक्षा सांगितली आहे. येथे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाकडे वळावे. बैलाने पूर्वी कधी हुंदाडले नसता एकाएकी कोणास मारिले, तर मालक निर्दोष सुटतो. परंतु बैल मारका आहे हे मालकास ठाऊक होते, लोकांनी त्यास बजाविले होते, आणि त्याने बैल बांधून ठेविला नाही, तर रक्ताचा दोष मालकावर येतो. मोशेच्या नियमशास्त्राने दोष जनावराच्या शिंगात पाहिला नाही. माहीत असून न बांधणाऱ्यात पाहिला. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातही तेच. घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा. कोणी पडला तर रक्तपाताचा दोष त्या घराला लागतो. पडणारा स्वतःच्या चुकीने पडला असे म्हणून घरधनी हात झाडू शकत नाही.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एका तरुणाने मद्य घेऊन चालविलेली मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरील मजूर निजले होते. सात मेले, आठ जखमी झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्यास केवळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवध मानून झालेली तीन वर्षांची शिक्षा कायम केली. मेलेले लोक आपल्यासारखेच, पोटाकरिता गाव सोडून गेलेले होते. ही गोष्ट वर्गात सांगताना श्रीमंतांच्या मुलांस नावे ठेवण्यात वेळ घालवू नये. आपल्या गावच्या रस्त्यावरही रात्री पायी चालणारा गरीबच असतो, आणि त्याला उडविणारा पुष्कळदा आपल्याच आळीतला असतो.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या सोबतीच्या सेवकांस कदाचित् रुचणार नाही. अशा रीतीने मेलेल्या तरुणाची प्रेतक्रिया चालविण्याचे काम आम्हां पाळकांवर व उपदेशकांवर येते. आई ऊर बडवीत असते, विशीतली विधवा भिंतीस टेकून बसलेली असते, आणि आम्ही उभे राहून म्हणतो, "प्रभूने आपले फूल खुडून नेले, त्याची इच्छा." सांत्वनाचा हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. पण हे खरे आहे काय? ज्याला अंगणातून चार जणांनी निरोप दिला, ज्याचा पाय किकवर घसरताना सर्वांनी पाहिले आणि हसले, त्याचा मृत्यू देवाच्या माथी मारणे हे देवाविषयी खोटी साक्ष देणे होय. कबरेजवळ मृताचा दोष उगाळू नये, हे आम्हांस मान्य आहे. तेथे पुनरुत्थानाची आशा सांगावी, आईबरोबर रडावे, आणि "देवाची इच्छा" हे शब्द तोंडातून काढू नयेत. मग महिन्याभराने, घरचे लोक मंडळीत येऊ लागले म्हणजे, त्या अंगणातील चार जणांकडे जावे. हे काम उपदेशाहून कठीण आहे.

काना येथील लग्नाचा दाखला ह्या प्रसंगी आमच्यापुढे हमखास ठेविला जातो. ज्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील दुसरे काही आठवत नाही त्यांसही दुसरा अध्याय आठवतो. त्या द्राक्षारसाविषयी वाद घालण्यास येथे जागा नाही. तूर्त इतकेच विचारावे की, त्या लग्नाहून किती पाहुणे मोटारसायकलीवर तिघे तिघे बसून घरी गेले? आणि गटारीच्या दिवशी शेजाऱ्यांस नावे ठेवणारे आपले तरुण ३१ डिसेंबरच्या रात्री, उपासना सुटल्यावर, कोठे जातात हेही वडील मंडळींनी एकदा रस्त्यावर उभे राहून पाहावे.

लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून करण्याजोगे एक काम सांगतो. ज्या घरी लग्न आहे त्यांनी मंडपाच्या तोंडाशी, आहेर घेणाऱ्याच्या शेजारी, एक टोपली ठेवावी व वाहनाने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची किल्ली तीत घ्यावी. नावाची चिठ्ठी बांधावी. पिणाऱ्यांची तेवढी मागितली तर भांडण होईल, म्हणून पाळकापासून सर्वांची घ्यावी. टोपलीजवळ तरुण मुलास बसवू नये; त्याला दटावून किल्ली नेतात. मुलीची आत्या किंवा आजी बसवावी. पिऊन आलेला मनुष्यही वडीलधाऱ्या बाईशी बहुधा झोंबत नाही. आणि जो राहणार त्याच्याकरिता शाळेच्या पडवीत सतरंज्या व घोंगड्या आधीच टाकून ठेवाव्यात, पिण्याच्या पाण्याचा माठ भरून ठेवावा. निजावयास जागा न देता किल्ली काढून घेतली तर तो दुसऱ्याच्या वाहनावर मागे बसून जाईल, आणि ते वाहन चालविणाराही त्याच मंडपामागून आलेला असेल. आजीबाईंनी एवढेच म्हणावे, "दाजी, किल्ली माझ्यापाशी आहे. सकाळी न्याहारी करा, आणि उन्हं चढल्यावर न्या."